काठीवरून जाणारी रेषा

गेल्या फाल्गुनात मी काठीला होळी पाहायला गेलो होतो. नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुव्याच्या वर सातपुड्यात वसलेलं हे भिल्लांचं जुनं संस्थानी गाव. इथल्या होळीला ‘राजवाडी होळी’ म्हणतात. ती संध्याकाळी पेटत नाही. रात्रभर ढोल चालतात, डोंगरांतून गावोगावचे जथे उतरत राहतात आणि उजाडायच्या जरा आधी ती पेटते.

तीनच्या सुमाराला पाय भरून आले म्हणून मी शेताच्या बांधावर टेकलो. शेजारी डोक्याला फडकं गुंडाळलेले एक म्हातारबाबा होते आणि त्यांचा आठ-नऊ वर्षांचा नातू. पौर्णिमेचं चांदणं लख्ख होतं, तरी वर एक दिवा लुकलुकत उत्तरेकडे सरकताना दिसला. पोरानं मला विचारलं, “ते कुठं चाललं?” मी म्हटलं, “दिल्लीला असेल.” “कुठून?” “मुंबईहून.” आता आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही पण मुंबईवरूनच आले ना? किती लांब आहे?”

“पाचशे किलोमीटर,” मी सांगितलं.

त्यांनी मान हलवली, पण उत्तर पोचलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत केला: “वाटेत किती जेवणं लागतात?”

मी मोजलं. रात्रीचा डबा गाडीत, सकाळचे पोहे नंदुरबारला, दुपारचं जेवण अक्कलकुव्यात. “दोन जेवणं आणि एक न्याहारी.” त्यांनी बोट वर केलं. “आणि त्याला?” “त्याला एकही नाही. दोन तासांत पोचतं.” म्हातारबाबा हसले. “मग दिल्ली जवळच आहे म्हणायची.”

प्रवासाच्या इतिहासावर मी बरीच वर्षं वाचतो आहे, थोडंफार लिहितोही. पण अंतराची इतकी नेमकी व्याख्या मला पुस्तकांत सापडली नव्हती. घरी आल्यावर मी त्या विमानाच्या मागे लागलो. त्यातून जे हाती आलं ते इथं मांडतो आहे.

दोन शहरांमधलं हवाई अंतर काढायला फारसं काही लागत नाही. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि गोलावरच्या त्रिकोणमितीचं एक सूत्र लावायचं. पृथ्वी गोल असल्यामुळे सपाट नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेषा नेमकी सर्वांत जवळची नसते. पृथ्वीच्या गोळ्यावर दोन टाचण्या टोचून त्यांच्यात दोरा ताणला तर तो जिथून जाईल ती खरी जवळची वाट. मुंबईचा विमानतळ साधारण १९ अंश ५ मिनिटं उत्तर आणि ७२ अंश ५२ मिनिटं पूर्व इथं आहे. दिल्लीचा २८ अंश ३४ मिनिटं उत्तर, ७७ अंश ६ मिनिटं पूर्व. उत्तर येतं सुमारे ११४० किलोमीटर. दर्यावर्दी आणि वैमानिक हेच सागरी मैलात सांगतात. सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, पृथ्वीच्या परिघावरच्या एका अंशाचा साठावा भाग.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख झाला नसता. पण ताणलेला दोरा वाटेत कशाकशावरून जातो तेही मी काढत गेलो. मुंबई सोडल्यावर तो जव्हारजवळून जातो. मग डांगच्या जंगलावरून. मग जवळजवळ नवापूरच्या डोक्यावरून. तापी ओलांडून तो अक्कलकुवा तालुक्यात शिरतो, काठीच्या थोडा पश्चिमेकडून सातपुडा चढतो, नर्मदा पार करतो आणि अलिराजपूर-झाबुआच्या बाजूनं राजस्थानाकडे निघून जातो. वारली, कोकणा, मावची, भिल्ल, पावरा, भिलाला: या देशाच्या पेढीला देशाच्या राजधानीशी जोडणारी सर्वांत जवळची वाट पहिले चारशे किलोमीटर जवळजवळ सबंध आदिवासी मुलखातून जाते. मी आकडेमोड दोनदा तपासली. विमानं अर्थातच दोऱ्यावरून चालत नाहीत; ती ठरलेल्या हवाई मार्गांनी, नियंत्रण कक्ष सांगेल तशी डावी-उजवीकडे सरकत जातात. त्या रात्रीचं विमान नेमकं कुठलं होतं हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण रेषा तिथे आहे. मुंबईपासून काठी तिच्यावर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास येतं. विमानाला अर्धा तास. मला चौदा तास लागले होते.

या रेषेवरून जमिनीवरचा एकही मोठा रस्ता जात नाही. पश्चिम रेल्वे किनाऱ्यानं सुरत-बडोद्यापर्यंत जाते आणि तिथून रतलाम-कोट्याकडे वळते: १३८४ किलोमीटर. मध्य रेल्वे भुसावळ-इटारसी-भोपाळवरून जाते: सुमारे १५४० किलोमीटर. आग्रा रोड नाशिक-धुळ्यावरून शिरपूरला येतो आणि सेंधव्याच्या घाटानं सातपुडा चढतो. एक डावीकडून, दोन उजवीकडून. डोंगर आणि त्यातली माणसं मध्ये ठेवून सगळ्यांनी वळसा घातला आहे. पश्चिमेच्या रेल्वेचे अडीचशे आणि मध्य रेल्वेचे चारशे किलोमीटर हे त्या वळशाचं मोल.

हा वळसा जुना आहे. जेम्स राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरतेहून निघाला आणि १४ नोव्हेंबरला बऱ्हाणपूरला पोचला. तो नंदुरबारवरूनच गेला; त्याच्या रोजनिशीत गावाचं नाव आहे. सुरत-बऱ्हाणपूर हवाई अंतर जेमतेम साडेतीनशे किलोमीटर, त्याला पंधरवडा लागला. तापीच्या खोऱ्यातली ती व्यापारी वाट इतकी मुरलेली होती की विसाव्या शतकाच्या तोंडावर तापी व्हॅली रेल्वेनं सुरत-अमळनेर मार्ग टाकला तो तिच्याच अंगानं. रो ज्या वाटेनं पंधरा दिवस हिंदकळत गेला ती आज गाडी एका दिवसात सहज संपवते. पण रोच्या उजव्या-डाव्या हाताला जे होतं, त्याच्या उत्तरेला क्षितिजावर जो निळा सातपुडा दिसत असेल, तिथवर जायला आजही सकाळपासून दुपार होते.

आपल्या भाषेतलं अंतर मुळात किलोमीटरचं नव्हतंच. कोस होता, पण तोही ठाम नव्हता. मुलखागणिक कमी-जास्त व्हायचा, साधारण दोन मैल धरायचा. त्याहून खरी होती ती मजल, म्हणजे एका दिवसाची चाल. डोंगरात ती आखूड व्हायची, पावसाळ्यात आणखी आखूड. अंतराचं हे माप लबाड नव्हतं. माणसाला खरं जे जाणून घ्यायचं असतं तेच ते सांगायचं: मुक्काम कुठे पडेल, शिधा किती बांधायचा. उलट वेळ मात्र आपण लांबीनं मोजायचो. ‘दिवस कासराभर वर आला’ म्हणताना बैलाच्या कासऱ्यानं आभाळ मोजलं जायचं. अंतर वेळात आणि वेळ लांबीत अशी ही अदलाबदल शतकानुशतकं बिनबोभाट चालू होती. म्हातारबाबांचा प्रश्न त्या जुन्या हिशेबातला होता आणि माझं उत्तर नव्या.

जाता जाता, ‘काठी’ हेही आपल्याकडचं लांबीचं माप होतं. पाच हात पाच मुठी म्हणजे एक काठी, वीस काठ्यांचं पांड, वीस पांडांचा बिघा. गावाच्या नावाचा या मापाशी काही संबंध आहे असा माझा दावा नाही. शब्दाच्या साधर्म्यावर इतिहास रचणाऱ्यांचं आपल्याकडे काय होतं ते मी पाहिलं आहे.

वेगाचा जुना हिशेब मराठी वाचकाला एका प्रसंगानं नीट कळेल. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला. नानासाहेब पेशवे तेव्हा उत्तरेकडे निघाले होते, भेलशाच्या आसपास. त्यांना बातमी लागली २४ तारखेला, तीही सावकारी पत्रातून, मोती आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत. पानिपत ते भेलसा हवाई अंतर साधारण साडेसहाशे किलोमीटर. म्हणजे मराठी राज्याची सर्वांत मोठी बातमी, सावकारांच्या पळत्या जासूदांच्या हातून, दिवसाला पासष्ट किलोमीटर चालली. याहून वेगवान साधनच जगात फारसं नव्हतं. सिकंदराच्या घोड्याला आणि सदाशिवरावभाऊंच्या घोड्याला धावण्याची मर्यादा एकच होती.

ही मर्यादा पहिल्यांदा रेल्वेनं आणि तारेनं मोडली आणि त्याबरोबर घड्याळंही मोडली. तोवर प्रत्येक गावाची दुपार त्या गावच्या सूर्याची होती. गाड्यांचं वेळापत्रक बांधायचं तर एकच घड्याळ हवं. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशाची प्रमाण वेळ देशाला लागू झाली. मुंबईनं ती मनापासून स्वीकारली नाही. प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटं मागे चालणारी ‘मुंबई टाइम’ची घड्याळं शहरात १९५५ पर्यंत टिकून होती. काठीच्या रेखांशाचा हिशेब केला तर तिथला सूर्य प्रमाण वेळेच्या चौतीसेक मिनिटं मागे असतो. तिथल्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा सावली अजून पायाखाली आलेली नसते. होळीला याचा काही त्रास नाही. ती उजेड पाहून पेटते.

आता विमानाकडे येतो. आपल्या हवाई प्रवासाची सुरुवात माणसं नेण्यासाठी नव्हे, टपाल नेण्यासाठी झाली हे आपण विसरतो. १५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी जे. आर. डी. टाटांनी कराचीच्या ड्रिग रोड तळावरून पुस मॉथ जातीचं एक इंजिनाचं विमान उचललं. सामान होतं २५ किलो टपाल. अहमदाबादला उतरून पेट्रोल भरलं. पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. दुपारी दोनच्या आत ते जुहूला उतरले. सव्वासात तास. तिथून नेव्हिल विन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासकडे गेले, रात्र बेल्लारीत काढून. कारण रात्री उडायची सोयच नव्हती. जुहूची धावपट्टी भरतीच्या पातळीला लागून. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची आणि विमानं पुण्याहून सुटायची. हवाई प्रवासालाही मजल होती, मुक्काम होता आणि चातुर्मासही होता!

मुंबई-दिल्ली ही हवाई वाट टाटांनी १९३७ च्या नोव्हेंबरात सुरू केली. तीही सरळ नव्हती: इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर करत जायची. पेट्रोल आणि संस्थानिक दोन्ही त्या बाजूला होते. मुंबई-इंदूर रेषा सातपुड्याला शिरपूरच्या आसपास गाठते, म्हणजे हवेतल्या पहिल्या वाटेनंही जवळपास आग्रा रोडचाच माग धरला. रो नदीच्या खोऱ्यानं गेला, टाटा संस्थानांच्या खोऱ्यानं. आकाशात अडथळा नसतानाही माणूस जुन्या रुळलेल्या वाटेनंच जातो, हे मला यातलं सर्वांत गमतीचं वाटतं.

अंतर आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ज्यानं खऱ्या अर्थानं सिद्ध केलं तो प्रयोग मात्र महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, नागपूरला झाला. १९४९ च्या जानेवारीअखेरीस रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार शहरांतून संध्याकाळनंतर एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्री चारही सोनेगावच्या तळावर भेटायची. तिथे पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत टपाल आपापल्या शहरी. आता हिशेब पाहा. मुंबई-दिल्ली सरळ ११४० किलोमीटर. मुंबई-नागपूर सुमारे ६८० आणि नागपूर-दिल्ली सुमारे ८५० मिळून १५३० च्या वर. पत्र चारशे किलोमीटर जास्त फिरत होतं आणि तरीही आधी पोचत होतं, कारण ते माणसांच्या झोपेच्या वेळात फिरत होतं. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या टेबलावर. नागपुरात १९०७ साली उभारलेला शून्य मैलाचा दगड आहे, चार घोडे आणि शहरांच्या अंतरांचे आकडे असलेला. दगड अंतरं सांगत उभा राहिला आणि काही मैलांवर विमानं ती अंतरं दर मध्यरात्री निकालात काढत राहिली. मला ही जोडी फार आवडते. नागपूरकर दगडाचा अभिमान बाळगतात. खरं तर त्यांनी त्या मध्यरात्रींचा बाळगायला हवा.

पुढचा वेग सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. डाकोटा तासाला पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरनं चालायचं. इंडियन एअरलाइन्सकडे १९५७ ला व्हायकाउंट आलं, १९६४ ला कॅरव्हेल हे पहिलं जेट, १९७६ ला एअरबस. जमिनीवर १९७२ ला मुंबईची राजधानी एक्सप्रेस सुरू झाली आणि सुमारे एकोणीस तासांत दिल्लीला पोचू लागली. आज ती सोळाच्या आत पोचते.

विमानाचं मात्र एक नवल आहे. जेट आल्यापासून साठ वर्षं होत आली आणि मुंबई-दिल्लीचा वेळ त्यानंतर कमी झालेला नाही. उलट वेळापत्रकात तो वाढला आहे. हवेत विमान पावणेदोन तासच असतं, तरी तिकिटावर सव्वादोन तास छापलेले असतात. चाक हललं तिथपासून चाक थांबलं तिथपर्यंतचा हा वेळ. त्यात धावपट्टीकडे रांगेनं सरकणं आलं, मुंबईवर घिरट्या घालणं आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि एकाच धावपट्टीवर चालणाऱ्या जगातल्या सर्वांत गजबजलेल्या तळांत तिची गणना होते. उशीर होणारच हे गृहीत धरून कंपन्या वेळापत्रकातच तो मुरवतात आणि मग विमान ‘वेळेआधी’ पोचलं म्हणून घोषणा होते. घरापासून तळापर्यंतचे दोन तास, तपासणीचे दोन, उतरल्यावरचा एक: असे मिळून दारापासून दारापर्यंत सात तास कुठे गेले नाहीत. मजल संपलेली नाही. ती दोन्ही टोकांना जाऊन बसली आहे.

आणि मधल्यांचं काय? आता काठीकडे परत येतो, कारण मूळ प्रश्न तिथला होता.

इंग्रजी दप्तरात काठी मेवासी संस्थान म्हणून येतं. पश्चिम खानदेशात अशी सहा होती: काठी, सिंगपूर, नाल, गव्हाळी, चिखली, नवलपूर. भिल्ल नाईकांच्या या छोट्या राज्यांना इंग्रजांनी खालसा न करता कलेक्टरच्या नजरेखाली ठेवलं. कलेक्टर धुळ्याला. १९०६ ला खानदेशचे दोन जिल्हे झाले, तरी पश्चिम खानदेशचं मुख्य ठिकाण धुळंच राहिलं. डोंगरातल्या माणसाला जिल्ह्याच्या कचेरीत एक कागद द्यायचा तर मोलगीहून देवगोईचा घाट उतरून अक्कलकुवा, तिथून तळोदा, नंदुरबार आणि मग आणखी सुमारे ९५ किलोमीटर. हे शेवटचे ९५ किलोमीटर कमी झाले १ जुलै १९९८ ला, नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तेव्हा. अठ्ठ्याण्णव सालच्या त्या एका सरकारी आदेशानं काठीला जेवढं जवळ आणलं तेवढं त्याआधी कुठल्याही यंत्रानं आणलं नव्हतं. अंतर कमी करायला नेहमी इंजिनच लागतं असं नाही. कधी कचेरी हलवली तरी चालते.

अंतर वाढल्याचंही उदाहरण इथलंच आहे. तालुक्याच्या उत्तर सीमेवर नर्मदा वाहते. पलीकडे गुजरात आणि मध्य प्रदेश, पण सोयरिकी दोन्ही काठांवर. सरदार सरोवराचं पाणी चढत गेलं तशी मणिबेलीपासून वरपर्यंत महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली. धरणाची उंची १३८.६८ मीटरला नेऊन २०१७ ला दरवाजे बंद झाले. जिथे नदी होती तिथे जलाशय झाला. नकाशावर दोन्ही काठांमधलं अंतर थोडंच वाढलं. पण उतारा संपला, काठच्या पायवाटा बुडाल्या आणि वर राहिलेले पाडे बोटीच्या वेळेला बांधले गेले. नदीकाठच्या काही गावांना आरोग्य खात्याचा दवाखाना तरंगत येतो. बोट बिघडली की दवाखाना लांब जातो.

त्या रात्री होळीच्या मैदानाजवळ चहाच्या टपरीवर एका तरुणाशी बोलणं झालं. त्याच्या पाड्यापासून पक्क्या रस्त्यापर्यंत गाडी येत नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी वहिनीला कळा सुरू झाल्या तेव्हा चौघांनी बांबूला झोळी बांधून तिला रस्त्यापर्यंत आणलं. अशा बातम्या या भागातून दर पावसाळ्यात येतात. मुंबईच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर, एक कॉलम. मी त्याला विचारलं, रस्ता किती लांब? तो म्हणाला, “खांदा सहा वेळा बदलला.” पुढे १०८ क्रमांकाची गाडी मिळाली, वहिनी आणि बाळ दोघंही ठीक आहेत. १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिनं पुष्कळ जीव वाचवले आहेत यात शंका नाही. पण तिचा हिशेब रस्त्यापासून सुरू होतो. त्याच्या अलीकडची मजल अजून खांद्यावर आहे आणि ती किलोमीटरमध्ये मोजली तर एक-दोनच भरते. म्हणूनच ती कुठल्या अहवालात मोठी दिसत नाही. जेवण, खांदा, बोट या मापांनी मोजली तरच दिसते.

मुंबईला परतून हे एका अभियंता मित्राला सांगितलं. तो म्हणाला, “अरे, हेलिकॉप्टरनं वीस मिनिटांचं काम आहे.” त्याचं गणित बरोबर होतं. मी वाद घातला नाही.

होळीचा बांबूही खांद्यावरूनच येतो. सत्तर-पंच्याहत्तर फूट उंचीचा, गुजरातेतल्या जंगलातून वाजतगाजत, पायी. ही होळी १२४६ पासून पेटते असं परंपरा सांगते. तो आकडा कुणी कसाही घ्यावा. पण वाहून आणण्याची रीत यंत्रांच्या आधीची आहे हे बांबूची लांबी पाहूनच कळतं. ट्रक चालतील असे रस्ते आता आहेत. तरी तो चालतच येतो. रात्रभर जे बुध्या आणि बावा नाचतात, मोरपिसांचे उंच टोप, कमरेला घुंगरं आणि भोपळे, अंगावर राखेचे आणि पिठाचे ठिपके, तेही बहुतेक आपापल्या पाड्यांवरून चालत आलेले. काही नवसाचे, दिवसेंदिवस व्रत पाळून आलेले. सगळा डोंगर एका रात्रीसाठी एका जागी येतो. प्रत्येकाचं अंतर वेगळं, पोचायची वेळ मात्र एकच. नागपूरच्या तळावर चार विमानं मध्यरात्री भेटायची तशी.

पाचच्या सुमाराला होळी पेटली. बांबू आडवा झाला तसा एकच गलका उठला आणि माणसं पुढे धावली. धूर वर गेला, चांदणं फिकट झालं. उजाडता उजाडता जथे पांगू लागले. म्हातारबाबा निघाले तेव्हा नातू त्यांच्या खांद्यावर गाढ झोपलेला होता. मी सहज विचारलं, “घर किती लांब?”

त्यांनी समोरच्या दोन डोंगरांकडे पाहिलं. “लांब नाही,” ते म्हणाले. “मध्ये जेवण लागत नाही.”